न सांगता ओळखणारा प्रोग्राम

३ फेब्रुवारी, सोमवार

जो डोळ्यांच्या मागे राहून पाहतो आणि कानांच्या मागे राहून ऐकतो, त्याच्या कृपेने आजचे चार शब्द खरे उतरोत.

विषय लाजिरवाणा आहे. ग्रंथालयाच्या सूचीकरण विभागात माझा जुना प्रोग्राम अजून चालतो. मी निवृत्त झालो, तो झाला नाही. त्याची देखभाल मीच करतो — विनावेतन, आणि खरे सांगायचे तर अभिमानाने. त्यात चित्रे नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटतात. टर्मिनल म्हणतात त्यास. परंतु त्या अक्षरांतूनच मी चौकटी काढल्या, दुहेरी किनारी काढल्या, आणि शोध चालू असताना कोपऱ्यात गरगर फिरणारी एक काडी बसवली. पोथीच्या पानास वेलबुट्टी असते, तशी.

विभागात एक नवी मुलगी लागली आहे. जन्मांध. तिच्या संगणकात स्क्रीन रीडर आहे — पडद्यावरचे अक्षर न् अक्षर बोलून दाखवणारा प्रोग्राम. तो इतका भरभर बोलतो की सगळे तिला एक्स्प्रेस म्हणू लागले. तीही आपली ओळख आता तशीच करून देते. आज तिने मला हाक मारली. "काका, जरा ऐका हं," म्हणाली आणि इअरफोनची पिन उपसली.

ऐकले. आडवी रेघ, आडवी रेघ, आडवी रेघ, कोपरा, उभी रेघ, तिरकी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ — ती माझी काडी फिरत होती. ग्रंथाचे नाव त्यात कोठेतरी बुडून गेले.

खिडकीशी पुस्तक शिवत बसलेल्या बाइंडरने सुई थांबवली. "काका, तुमचा प्रोग्राम जपाला बसलाय."

सगळे हसले. मीही हसलो, कान मात्र तापले होते. सौ. त्याच विभागात, एक्स्प्रेसच्या शेजारच्या टेबलावर असते. ती हसली नाही. माझी बाजू घेतली, असे वाटले.

एक्स्प्रेसचे म्हणणे अगदी थोडे होते. "एक सेटिंग द्या. मी माझी चालू करीन."

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठ झाल्यावर विचार केला. त्या मुलीने का मागावे? मागितल्यावर दिले की देणे उणे होते, असेच मी भाष्यांतून वाचत आलो. वडीलही हेच सांगत — दारी आलेल्याने तोंड उघडण्याआधी पाण्याचे भांडे पुढे व्हावे. मग ज्याची दृष्टी नाही त्याने प्रथम ते कबूल करावे, आणि नंतर मी सोय करावी — हा कोणता न्याय?

प्रोग्रामने स्वतःच ओळखले पाहिजे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जमले. फारसे अवघड नव्हते. संगणकावर त्या क्षणी कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत त्यांची यादी मागवायची. तीत एखाद्या स्क्रीन रीडरचे नाव आढळले की चौकटी, काडी, किनारी सगळे गुंडाळून साधी मांडणी द्यायची. ना प्रश्न, ना बटण. मी त्यास शोधक म्हणतो.

जेवताना सौ.ला सांगितले. ती ताटाकडे पाहत होती.

"विचारून का नाही करत?" म्हणाली.

मी अयाचित दानावर थोडे बोललो. थोडे म्हणजे भात संपेपर्यंत.

"आणि त्यातून कोणाकोणाचे कळेल?"

"ज्यास गरज आहे त्याचे."

"बरं," म्हणाली. मग संध्याकाळी नेहमीप्रमाणे, "तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडून ऐकले की मन लागते." हल्ली ती स्वतः पोथी उघडत नाही. माझ्या उच्चारांवर तिचा लोभ आहे. एक अख्खा अध्याय वाचला, तोही स्वर लावून.

१० फेब्रुवारी, सोमवार

शोधक सर्व टेबलांवर बसवला. एक्स्प्रेसने काम उघडले आणि थबकली. "अय्या, रेघा गेल्या. मी तर काही दाबलेच नाही."

मी मागे उभा होतो. वाट पाहत होतो, हे लिहून टाकतो.

"कसे कळले याला?"

सांगितले. ती आनंदेल अशी अपेक्षा होती. तिने इअरफोन काढून हातात धरला. "म्हणजे माझ्या मशीनवर काय काय चालू आहे ते हा बघतो?"

"तेवढेच बघतो. दारात काठी दिसली तर आत वृद्ध आहे हे कळतेच की. त्यात हेरगिरी ती कसली?"

"काठी मी दारात ठेवली तर ना, काका," ती म्हणाली. "तुम्ही घरात शिरून कोपरे बघितलेत."

बाइंडर खाली मान घालून दोरा ओवत होता. ओवला गेलेला दोराही त्याने पुन्हा ओवला.

हल्लीच्या मुलांना कृतज्ञता म्हणून नसते. असो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शोधक उत्तम चालतो. सेवा रुजू झाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिणार नव्हतो. परंतु लिहिले नाही तर मी उद्या याला वेगळे रूप देईन, हे मला माझ्याविषयी ठाऊक आहे.

दुपारी ग्रंथपाल बाई विभागात आल्या होत्या. त्यांना शोधक दाखवावा म्हणून मी त्यांना टेबलाटेबलावरून फिरवले. एक्स्प्रेसकडे साधी मांडणी, इतरांकडे चौकटी — जसे हवे तसे. सौ.च्या टेबलापाशी आलो, तर पडद्यावर साधी मांडणी.

"येथे चूक होते आहे," मी म्हणालो. मोठ्याने. "येथे तर डोळस मनुष्य बसतो."

सौ. म्हणाली, "राहू दे ना हो. काम चाललेय माझे." तिच्या कानात इअरफोन होता. कामावर ती काहीतरी लावून बसते. स्तोत्रे ऐकत असेल, असे मी धरून चाललो होतो. बाइंडरला एकदा तसे सांगितलेही होते, कौतुकाने.

ग्रंथपाल बाई पाहत होत्या. मला माझा शोधक निर्दोष दाखवायचा होता. तिच्या खांद्यावरून वाकून कीबोर्ड ओढला, चालू प्रोग्रामांची यादी काढली. स्क्रीन रीडरचे नाव त्यात स्पष्ट होते. "कोणी तरी चुकून चालू करून ठेवलाय," असे म्हणत मी एका आज्ञेने तो बंद केला.

चौकटी परत आल्या. काडी फिरू लागली.

"हं, वाच आता. सगळे नीट दिसते ना?"

तिचे हात कीबोर्डवर होते. बोटे हलली नाहीत. ती पडद्याकडे पाहत होती, आणि मी बायकोचा चेहरा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला — ती पडद्यावर पाहतच नव्हती. पडदा जिथे असावा तिथे पाहत होती.

शेजारून एक्स्प्रेस हळू म्हणाली, "काका, ते परत चालू करा."

मी करू शकलो नाही. आज्ञा आठवेना. एक्स्प्रेसनेच उठून, चाचपडत, ते केले.

१४ फेब्रुवारी, पुन्हा

घरी बरोबर आलो. वाटेत ती भाजीबद्दल बोलली. भाजीबद्दल!

पाठाला बसलो, ओळी ओठांवर आल्या, पण म्हणवल्या नाहीत. ज्यांत जागोजागी 'पाहा', 'पाहा' म्हटले आहे, ती वचने कोणत्या तोंडाने म्हणू?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहा ठेवून ती समोर बसली. मी विचारले नव्हते. विचारण्याचे धैर्य नव्हते, हे खरे.

दीड वर्ष झाले. पुस्तकाचे पान भिंगाखाली धरले तर अजून वाचता येते. पडदा मात्र सोसत नाही, उजेडात अक्षरे विरघळतात. स्क्रीन रीडर तिने स्वतःच शिकून घेतला. एक्स्प्रेसला पहिल्याच आठवड्यात कळले होते. "तिने कोणाला सांगितले नाही," सौ. म्हणाली. पुढचे वाक्य तिने उच्चारले नाही. मला ऐकू आले.

"मला का नाही सांगितलेस?"

"सांगणार होते. मग तुम्ही ग्रंथपाल बाईंना सांगितले असते. त्यांच्या भल्यासाठी, माझ्या भल्यासाठी, कोणाच्या तरी भल्यासाठी. आणि त्यांनी मला वर्तमानपत्रांच्या खोलीत बसवले असते. तो प्राध्यापकांनी ग्रंथालयाला दिलेला पुस्तकांचा संग्रह मीच हाती घेतलाय; अर्धा राहिलाय. तो मला पुरा करायचाय. दुसऱ्या कोणाला त्यातल्या टिपणांचा मेळ लागायचा नाही."

"मला कळायला हवे होते."

"कळावे असेही वाटायचे. कळू नये असेही." मग कप माझ्यापुढे सरकवत, "तुमचा शोधक आला ना, तेव्हा बरेच वाटले होते मला. रेघांची कटकट गेली. इतके दिवस ती काडी ऐकत होते तुमची. वाटले, मशीनला कळले, आता निमूट चालेल. मला काय माहीत, तुम्ही दुरुस्त करायला याल."

दीड वर्ष माझी काडी तिच्या कानात फिरत होती. ती रोज शेजारी बसून जेवत होती. पोथी माझ्या हाती देत होती, आणि मी स्वर लावत होतो.

बारा ओळींच्या शोधकाने तिला क्षणात ओळखले. मी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्षमा मागायचा प्रयत्न केला. आरंभच संस्कृतात झाला. ती म्हणाली, "राहू दे, चहा निवतोय."

१७ फेब्रुवारी, सोमवार

ग्रंथपाल बाईंनी बोलावले. मन वाईट नाही त्यांचे. म्हणूनच अधिक भीती वाटली.

"काकूंचे कळले, वाईट वाटले हो," म्हणाल्या. "त्यांना आता दगदग नको. वर्तमानपत्रांची खोली शांत आहे. आणि काका, तुमचा तो शोधक छान आहे. कोणाच्या टेबलावर तो चालू होतो, तेवढे मला कळवण्याची सोय करता येईल का? म्हणजे कोणी मागण्याआधीच आपण मदत करू. काहींना मागायला संकोच वाटतो ना."

माझेच वाक्य होते. माझ्या भाताच्या ताटावरचे. दुसऱ्याच्या तोंडून आले तेव्हा ते काय आहे ते कळले. 'मागण्याआधी' म्हणजे 'न विचारता'. आणि मदत म्हणजे वर्तमानपत्रांची खोली.

"पाहतो," एवढे म्हणून उठलो. 'नाही' म्हणायला हवे होते. याचीही लाज वाटते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज आसनावर बसून एकच गोष्ट घोळवत राहिलो. तो सर्वज्ञ आहे असे आपण म्हणतो. कोणाच्या मनात काय आहे ते त्यास न कळणारे नाही. तरीही सगळी स्तोत्रे म्हणजे हाकाच आहेत. ज्याला सगळे ठाऊक आहे तोही हाकेची वाट पाहतो. जे त्यालाही शोभत नाही ते मी बारा ओळींत करू निघालो. इतकी वर्षे वाचूनही हे वाचले नव्हते!

जाऊन एक्स्प्रेसपुढे खुर्ची ओढून बसलो. "मी शोधक काढतो आहे. त्याच्या जागी काय हवे?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितले होते."

"होय. पुन्हा सांग. मी आज ऐकायला आलो आहे."

ती हसली, बरीच. "एक सेटिंग. प्रत्येकाच्या आपल्या मशीनवर. ती कोणाला कळवायची नाही, वर कुठे पाठवायची नाही. आणि सुरुवातीलाच 'तुम्हाला दिसते का हो?' असे विचारत बसू नका. साधे सगळ्यांना द्या. नक्षी ज्याला हवी तो मागेल."

हे मला सुचले नव्हते. मी नक्षीलाच मूळ धरले होते आणि साधेपणाला सवलत.

दिवसभर बसून केले. चौकटी गेल्या. काडी गेली, तिच्या जागी 'शोधत आहे' एवढे दोन शब्द, एकदाच. बाइंडरने डोकावून पाहिले. "टक्कल पडले हो काका, प्रोग्रामला."

"वयच झाले त्याचे," मी म्हणालो.

सौ.च्या टेबलापाशी गेलो नाही. लांबूनच पाहिले. तिची बोटे चालत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रंथपाल बाई संतापल्या. "शोधक काढलात? मला न विचारता?"

"होय. आपणास विचारायला हवे होते. टेबलांवर बसणाऱ्यांनाही, तो बसवण्याआधी. चूक दोन्ही वेळी माझी."

"मग काकूंसारखे आणखी कोण आहे, ते मला कसे कळणार?"

"ते सांगतील, तेव्हा."

"आणि नाही सांगितले तर?"

"तर त्यांचे काम कसे आहे ते पाहा. ते तर रोज आपल्यापुढे येतेच."

इतक्यात सौ. दारात येऊन उभी राहिली. हातात संग्रहातील पुस्तक, भिंग आणि तो इअरफोन. मी खुर्ची पुढे केली. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

थांबलो. दार लोटलेले होते. आतून आवाज येत होते, शब्द नाही. पूर्वीचा मी असतो तर कान लावला असता. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन सूचनाफलकावरची जुनी सूचना वाचत राहिलो. पाण्याची टाकी धुण्याविषयी होती.

ती बाहेर आली आणि माझ्याजवळून जाऊन आपल्या टेबलाशी बसली. संध्याकाळी तिनेच सांगितले. तिने बाईंसमोर एका पुस्तकाची नोंद आरंभापासून अखेरपर्यंत करून दाखवली. "मध्येच त्यांचा फोन वाजला, मी नाही थांबले," म्हणाली. टेबल तिचेच राहिले. संग्रह पुरा होईपर्यंत, आणि नंतरचे नंतर.

"बाईंना तू काय म्हणालीस?"

"ते माझे."

बरोबर आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ग्रंथपाल बाईंनी सहज विचारले, साधी मांडणी किती जणांनी ठेवली, नक्षी किती जणांनी मागवली.

"मला ठाऊक नाही. कळण्याची सोयही ठेवलेली नाही."

इतक्या वर्षांत त्या प्रोग्रामविषयीच्या एखाद्या प्रश्नास मी असे उत्तर प्रथमच दिले. बाईंनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी पोथी घेऊन बसलो आणि विचारले, "वाचू का?" पूर्वी विचारत नसे.

"आज मी ऐकवते," म्हणाली. अध्याय तिने संगणकात घातला होता. इअरफोन न लावता सुरू केला. जन्मभर मुखोद्गत असलेला अध्याय. मला एक शब्द कळला नाही. शेंगा फोडल्यासारखा नुसता कडकड आवाज.

"एवढ्या वेगाने तुला समजते?"

"तुम्ही स्वर लावता तेव्हा मला झोप येते," ती म्हणाली.

मग वेग कमी केला. माझ्यासाठी. आणखी कमी केला. शेवटी, लहान मुलाला घास भरवावा तसा शब्द शब्द येऊ लागला, तेव्हा कळले. ती स्वस्थ बसली होती. माझे कळेपर्यंत थांबली होती. क्षमा मागण्याची ती वेळ होती. मी मागितली. साध्या मराठीत, एका वाक्यात.

"हं," म्हणाली. अध्याय पुढे चालू केला.

३ मार्च, सोमवार

ग्रंथालयाच्या जिन्यात ती थांबली. "हात द्या," म्हणाली.

दिला. "काय दिसले नाही?"

"आज सगळे दिसतेय. सवय करायची म्हणून. शनिवारी डॉक्टरांकडे एकटीच गेले होते. उरलेलेही जाणार आहे म्हणाले. कधी ते त्यांनाही माहीत नाही. बाईंना मी सांगेन, माझे मी. तुम्हाला आधी सांगावेसे वाटले."

जे अद्याप घडलेच नाही ते कोणत्या शोधकास सापडले असते? तिने सांगितले. मला सांगितले.

हे जे कोणी वाचतील, डोळ्यांनी, बोटांनी वा कानांनी, त्या सर्वांचे कल्याण असो. ज्याला आपणहून सांगावेसे वाटेल असे कोणी तरी प्रत्येकास लाभो.